हत्तीपायाची गोळी अजून १९४७ चीच? आपल्या भागातल्या रोगांवर नवी औषधं का येत नाहीत?

झाडीपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्याकडे हत्तीरोगाच्या गोळ्या वाटून झाल्या. वैनगंगेकाठच्या गावांत सुजलेल्या पायाचा एखादा तरी म्हातारा माणूस दिसतोच, त्यामुळे मोहीम काही नवी नाही. पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल असायची, आता आयव्हरमेक्टिनही आहे आणि ती उंची पाहून देतात. आशाताई खुणा केलेली काठी घेऊन ओट्यावर उभ्या, पोरं रांगेत, आणि म्हाताऱ्या 'आता आमची उंची कायले मोजता बाई' म्हणून हसत होत्या. गोळ्या त्यांच्यासमोरच गिळायच्या, घरात नेऊन ठेवायच्या नाहीत.

प्रश्न असा. डीईसी १९४७ पासून वापरात आहे. कुष्ठरोगाच्या एमडीटीचा (अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचा) पत्ता १९८० च्या दशकातला. मेडिकलमध्ये बीपी-शुगरच्या नव्या गोळ्यांना कपाट पुरत नाही, मग जे रोग आपल्याकडे आहेत त्यांच्यावर नवं औषध का निघत नाही? की निघतं, पण आपल्यापर्यंत पोचत नाही? आणि जुनी अँटिबायोटिक्स लागू पडेनाशी झाली म्हणतात, त्यांच्या जागी काय येणार आहे? जाणकारांनी सांगावं. राजकारण नको, कुठल्याच बाजूचं.

तालुका_डॉक्टर

ग्रामीण रुग्णालयात आहे, संशोधक नाही. जेवढं रोज हाताखालून जातं तेवढं सांगतो.

डीईसी रक्तात फिरणारी जंतांची पिल्लं मारते. लसिकावाहिन्यांत ठाण मांडून बसलेले मोठे जंत बरेचसे वाचतात, कित्येक वर्षं जगतात आणि पुन्हा पिल्लं घालतात. म्हणून दर वर्षी वाटप. पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचं रक्तही रात्रीच काढायला येतात. लोक त्यावर चिडतात, पण दिवसा काढलेल्या थेंबात काही सापडत नाही.

तिन्ही गोळ्या एकत्र दिल्या की मोठ्या जंतांची पिल्लं घालण्याची ताकद बराच काळ जाते. पापुआ न्यू गिनीत याची चाचणी झाली, २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, आणि आपल्या देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत हे सुरू झालं त्यात २०१९ साली नागपूर होतं. बघा, यातलं औषध एकही नवं नाही. जुन्याच तिघांची मोट बांधली आहे.

गोळीनंतर एखाद्याला ताप, डोकेदुखी, गरगर होते आणि गावात बोभाटा होतो की गोळी बाधली. ज्याच्या अंगात जंत असतात त्यालाच बहुधा हे होतं, जंत मरताना होतं आणि दोन दिवसांत जातं. उपाशीपोटी घेऊ नका एवढं मात्र पाळा. गरोदर बाई, दोन वर्षांच्या आतलं मूल आणि फार आजारी माणूस यांना देत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

गोया वाटा, काही म्हननं नाही. पन डॉक्टरसायेब, मच्छर नालीत पैदा होते अन् नाली ग्रामपंचायतीची. नालीवर कोनतं औषध हाय?

तालुका_डॉक्टर

नालीवर ग्रामसभा.

मुक्काम_हैदराबाद

डॉक्टरांना +१. मी औषधरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते, माहेर वर्धा जिल्ह्यातलं. थोडं लांबण लावते, माफ करा.

धागाकर्ते विचारतात नवं का नाही. मला त्याहून विचित्र वाटते ती गोष्ट अशी की आपल्या रोगांवर जी औषधं आली, त्यातली कितीतरी दुसऱ्याच कशासाठी तरी शोधलेली होती. दुसऱ्यांच्या पंगतीत उरलं ते आपल्या पानात आलं.

आयव्हरमेक्टिनच घ्या. जपानच्या सातोशी ओमुरांनी इतो शहरातल्या एका गोल्फच्या मैदानाजवळची माती उचलली, त्यातल्या जिवाणूपासून ते आलं. पुढचं काम अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांनी केलं. १९८१ मध्ये ते बाजारात आलं ते जनावरांसाठी. गुरांना जंत-गोचिडासाठी टोचायची ती बाटली इथे ढोरं पाळणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्या धंद्यात पैसा होता म्हणून औषध तयार झालं. माणसांसाठी मंजुरी १९८७ मध्ये, आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वासाठी, आणि ज्यांना गरज होती त्यांच्याकडे द्यायला दमडी नव्हती म्हणून कंपनीने ते फुकट द्यायचं जाहीर केलं. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल यासाठीच मिळालं.

क्लोफाझिमिनची कथा आणखी वाकडी. एमडीटीच्या पत्त्यातली ही ती कॅप्सूल, जिच्यामुळे कातडी काळपट-तांबूस पडते आणि बाया नको म्हणतात. १९५० च्या दशकात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ती क्षयासाठी बनवली होती. क्षयाच्या प्रयोगांत निराशा झाली, बाजूला पडली. १९६० च्या दशकात कुष्ठरोगावर चालते असं दिसलं. आणि आता औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात ती पुन्हा देतात. साठ वर्षांची वरात काढून घरी.

हत्तीरोगाचे किंवा नदीअंधत्वाचे मोठे जंतच मारेल असं औषध सगळ्यांना हवं आहे. त्यासाठी ज्यांच्यावर काम चाललंय त्यातलं एक म्हणजे इमोडेप्साइड. ते आज कशात वापरतात? मांजरांच्या जंतनाशकात. बायर कंपनी आणि डीएनडीआय ही ना-नफा संस्था मिळून ते माणसांसाठी, आधी नदीअंधत्वावर, तपासत आहेत. डीएनडीआय २००३ मध्ये उभी राहिली. संस्थापकांत आपली आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषदही आहे. 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेचा त्यात पुढाकार होता, तिला १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. गिऱ्हाईक गरीब असलं की बाजार फिरकत नाही, म्हणून हे उभं करावं लागलं.

झाडीपट्टी

ताई, हे भारी आहे. पण कुष्ठरोगावर तर आपल्याकडेच एवढं काम झालं. दत्तपूर, आनंदवन. मग औषध इथून का निघू नये?

मुक्काम_हैदराबाद

सेवा इथे झाली, आणि ती लहान गोष्ट नाही. मनोहरजी दिवाणांनी दत्तपूर १९३६ मध्ये सुरू केलं, बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. औषधाची अडचण जंतूच्या स्वभावात आहे. हॅन्सेनने तो १८७३ मध्ये दाखवला, आणि आजपर्यंत कुणालाही तो प्रयोगशाळेत बशीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात टोचून वाढवावा लागतो, ही युक्तीही १९६० ची. एका जंतूचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे. साधा जंतू रात्रीत बशी भरून टाकतो, हा उंदराच्या पायात महिनोन्‌महिने रेंगाळतो. शंभर रसायनं तपासायची म्हटलं तर विचार करा.

प्रतिरोधाचा पहिला मोठा धडाही कुष्ठरोगानेच दिला. १९४० च्या दशकापासून एकटं डॅप्सोन देत होते, वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. १९६४ मध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. त्यावरून १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायची शिफारस झाली. एका औषधातून सुटणारा जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतो. एमडीटी देशात सुरुवातीला जिथे आली त्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता.

पुन्हा_शाळेत

क्षयावर मात्र खरंच नवं औषध आलं, आणि ते मी खाल्लं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, यवतमाळकडे. एका खासगी दवाखान्याने बरेच दिवस नुसती खोकल्याची औषधं आणि बदलून बदलून अँटिबायोटिक दिली. सरकारी दवाखान्यात थुंकी मशीनवर लावली तेव्हा कळलं, टीबी आहे आणि रिफाम्पिसिनला दाद देत नाही.

मला बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दिलं. चार औषधं, सहा महिने, सगळं तोंडाने, सुई नाही. लिनेझोलिडने तळपायात मुंग्या यायच्या. चपलेत खडा आहे असं वाटून मी वर्गात पाय झटकायची आणि पोरं हसायची. रक्त कमी होतंय का, नजर ठीक आहे का हे पाहत राहायचे, बेडाक्विलिनसाठी ईसीजी काढायचे. डॉक्टरांनी लिनेझोलिडचा डोस कमी केला, पण बंद नाही केलं.

आमच्याच आळीत एका काकांना पूर्वी हाच रोग झाला होता. दीड-दोन वर्षं औषध, त्यात महिनोन्‌महिने कॅनामायसिनच्या सुया. टीबी गेला, कानही गेले. आजही त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहावं लागतं. म्हणून नवीन औषध कशाला हवं असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

तालुका_डॉक्टर

बाई, लिहिलंत ते बरं केलंत. बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. क्षयासाठी नव्या जातीचं औषध सुमारे चाळीस वर्षांनी आलं होतं. जंतूच्या पेशीत ऊर्जा बनवणारं जे यंत्र असतं तेच ते बंद पाडतं. आपल्याकडे २०१६ मध्ये मोजक्या केंद्रांत सुरू झालं. तुम्ही सांगितलेल्या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला आपल्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रेटोमॅनिड तर एका ना-नफा संस्थेने, टीबी अलायन्सने, मंजुरीपर्यंत नेलं, २०१९ मध्ये. आणि बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही दिसू लागलेत, हे इथेच सांगून ठेवतो.

आर्वीचा_वकील

औषध शोधलं की संपलं नाही, पेटंटही आहे. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षांचं पेटंट मागितलं. त्याला हरकत घेतली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी. दोघीही क्षयातून वाचलेल्या, दोघींचंही ऐकणं उपचारातल्या सुयांनी गेलेलं. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, म्हणून जेनेरिक बनवायला वाट मोकळी झाली. आपल्या कायद्यातलं कलम ३(ड) जुन्याच औषधाचं नवं रूप काढून पेटंट लांबवू देत नाही. कंपन्यांना ते का खुपतं हे इथे दिसतं.

वऱ्हाडी_ठेचा

कायदा बराबर हाय. पन मले एक सांगा, टीबी होतो कोनाले? ज्याच्या ताटात काही नाही त्याले. आधी पोटाले द्या मंग बेडाक्विलिन.

तालुका_डॉक्टर

यात तुमच्याशी भांडण नाही. झारखंडमध्ये रेशन्स नावाची चाचणी झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. क्षयरोग्याच्या घरच्यांना महिन्याचा शिधा दिला. थुंकीतून पसरणाऱ्या क्षयाचं प्रमाण त्या घरांत जवळजवळ निम्म्यावर आलं. क्षयरोग्याला सरकारकडून मिळणारे निक्षय पोषणचे महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण ज्याच्या छातीत दाद न देणारा जंतू आज बसलाय त्याला डाळ-तांदूळ देऊन घरी पाठवता येत नाही. 'आधी हे मग ते' याला माझ्या ओपीडीत जागा नाही, दोन्ही लागतं.

याच धाग्यात गडचिरोलीचं नाव यायला हवं. तिथल्या सर्च या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिनची सुई आणि कोट्रायमोक्साझोल घरीच द्यायला लावलं. ३९ गावं. १९९९ च्या लॅन्सेटमध्ये निकाल: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. औषधं तेव्हाही जुनीच होती, ती वेळेवर दारात पोचली हे नवीन होतं.

अडचण आता पुढची आहे. मोठ्या रुग्णालयांच्या नवजात कक्षांत असे जंतू आहेत की जेंटामायसिन सोडाच, त्यावरची औषधंही निष्प्रभ होतात. त्यासाठी ज्या जोड्या तपासल्या जात आहेत त्यात फॉस्फोमायसिन आणि फ्लोमोक्सेफ आहेत, म्हणजे पुन्हा जुन्याच बाटल्या. हैदराबादच्या ताईंचं म्हणणं इथेही लागू पडतं.

संत्रावाला_वरुड

राजेहो, मी संत्र्याचा मानूस. दवाखान्याचं मले समजत नाही पन एक गोष्ट वाचता वाचता खटकली. डॉक्टर लोक म्हनते अँटिबायोटिक कमी वापरा. आमी तं पंपात टाकतो.

खैऱ्या (संत्र्याच्या झाडावरचा जंतूचा रोग) आला की कृषी केंद्रवाला कॉपर ऑक्सिक्लोराइड अन् स्ट्रेप्टोसायक्लिन देते. ६ ग्रॅमची पुडी. पुडीवर लिवलंय स्ट्रेप्टोमायसिन अन् टेट्रासायक्लिन. कपाशीवर करपा आला तरी तेच, धानवाले कडा करप्यावर मारते. हे टीबीचंच औषध हाय का? फवारताना तोंडाले दुपट्टा बी नसते कोनाच्या.

मुक्काम_हैदराबाद

भाऊ, तेच. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चाललेलं पहिलं औषध, १९४० च्या दशकातलं, मातीतल्या जंतूपासूनच काढलेलं. पुडीत नव्वद टक्के ते आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. ती पुडी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जुनी ओळख. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार यांच्या हाताखाली हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं होतं, म्हणजे नवं औषध महाराष्ट्रात निघत नाही असंही नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या जोडीच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला होता. कारण असं की फवारा झाडावर थोडा आणि जमिनीवर जास्त पडतो, मातीतले जंतू त्याला सरावतात, आणि प्रतिरोधाची जनुकं जंतू एकमेकांना देतात, जात न पाहता. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद केलं ते याच भीतीने. ते दवाखान्यातलं शेवटच्या फळीतलं औषध आहे.

संत्रावाला_वरुड

म्हंजे खैऱ्याचं काय करू ते सांगा. बंद करा म्हनाले सोपं हाय.

मुक्काम_हैदराबाद

रोगट फांद्या छाटून जाळणं, पावसाआधी तांब्याचा फवारा, पानं पोखरणारी अळी आवरणं, कारण तिने केलेल्या जखमेतून खैऱ्या शिरतो. सगळं मिळून पुडीइतकं झटपट नाही, हे मान्य. कृषी विज्ञान केंद्रात एकदा विचारा, बागेचं वय आणि जात पाहून ते जास्त नेमकं सांगतील.

मेडिकलवाला

सगळे शेतकऱ्याच्या मागं लागले, आता माझी पाळी येईल म्हणून आधीच लिहितो. शेड्यूल एच-१ आलं २०१४ मध्ये, काही अँटिबायोटिक आणि टीबीच्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरात ठेवावी लागते, चिठ्ठी लागते. ठेवतो. पण मजूर येतो, खिशात पन्नास रुपये, 'दोन दिवसाच्या द्या भाऊ'. पाच दिवसांचा पत्ता त्याला परवडत नाही. मी नाही दिलं तर दुसऱ्या चौकात मिळतं.

माझ्या काउंटरवरचा खरा घोळ गजकर्णाचा आहे. जांघेत, कमरेला, वर्षभर. लोक ट्यूब घेतात, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळंच कालवलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, मग चट्टा दुप्पट होऊन परत येतो. पूर्वी टर्बिनाफिनने जायचं, आता चर्मरोगवाले म्हणतात जात नाही. हे काय आहे?

तालुका_डॉक्टर

बुरशीची नवी जात, ट्रायकोफायटन इंडोटिनी, २०२० मध्ये तिचं बारसं झालं. टर्बिनाफिन जिथे जाऊन बसतं तीच जागा तिच्यात बदललेली असते. स्टेरॉइडच्या ट्यूबांनी तिला रान मोकळं दिलं असं बहुतेक चर्मरोगतज्ज्ञ मानतात. इट्राकोनाझोल द्यावं लागतं, महाग आहे आणि लांबतं. घरातल्या सगळ्यांचे टॉवेल-कपडे वेगळे, उन्हात वाळवलेले. स्टेरॉइडची ट्यूब विकू नका एवढं तरी कराल का?

मेडिकलवाला

मी नाही दिली तर दुसऱ्या चौकात… वर लिहिलंच आहे. पण निदान विचारल्याशिवाय हातात देत नाही.

मुक्काम_हैदराबाद

बुरशीवरून आठवलं, हे संत्रावाल्या भाऊंसाठीही आहे. फुफ्फुसात जीवघेणी बुरशी होते, ॲस्परजिलस, तिच्यासाठी ओलोरोफिम नावाचं अगदी नव्या पद्धतीचं औषध वर्षानुवर्षं खपून तयार होत आहे. ते बाजारात यायच्या आधीच, २०२२ मध्ये अमेरिकेत इप्फ्लुफेनोक्विन हे पिकांवरचं बुरशीनाशक मंजूर झालं, आणि दोन्ही बुरशीच्या एकाच एन्झाइमवर मारा करतात. म्हणजे शेतातली बुरशी आधीच सरावून बसेल आणि औषध जन्मतःच अधू होईल, अशी भीती शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली आहे. शेतीचं खातं वेगळं, आरोग्याचं वेगळं, आणि फाईल एकमेकांकडे जात नाही. जगभर हीच तऱ्हा.

झाडीपट्टी यांचा शेवटचा प्रश्न राहिला होता, अँटिबायोटिकच्या जागी काय येणार. रसायन सापडण्यापेक्षा ते सापडल्यावर कंपनी जगणं कठीण झालंय. बीपीची गोळी माणूस जन्मभर खातो. नवं अँटिबायोटिक आठवडाभर, आणि डॉक्टर ते कपाटात राखून ठेवतात, म्हणजे जितकं चांगलं औषध तितकी विक्री कमी. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीने प्लाझोमायसिन काढलं, जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं. लिलावात ते औषध आपल्या सिप्लाने घेतलं. ब्रिटनने २०२२ मध्ये सुरुवातीला दोन औषधांपुरता वेगळा मार्ग काढला: किती विकलं ते न पाहता वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. मला विचाराल तर हाच मार्ग बरा, कारण यात औषध खपवायची कुणालाच घाई राहत नाही. आपलं सरकार असं करील का, मला शंका आहे.

आपल्याकडेही हालचाल आहे. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमची जोडगोळी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. वोक्हार्टचं नाफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं, न्यूमोनियासाठी, दिवसातून एकदा, तीनच दिवस. १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी लागल्याचं सांगितलं गेलं. जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारच्या बायरॅक संस्थेने तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला ८ कोटी दिले. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

अन् हे सगये औषधं तपासतात कोनावर? आमच्यावरच ना? खम्ममचं इसरले का?

मुक्काम_हैदराबाद

विसरले नाही, आणि विसरू नये. खम्मम आणि वडोदऱ्यात २००९-१० मध्ये आदिवासी मुलींना एचपीव्हीची लस दिली, अनेक संमतीपत्रांवर पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. बोभाटा झाल्यावर २०१० मध्ये काम थांबलं, संसदेच्या समितीने २०१३ मध्ये खरडपट्टी काढली. गडचिरोलीच्या दक्षिणेला नदी ओलांडली की तो मुलूख फार लांब नाही.

पण चाचणी आपल्या लोकांत झालीच नाही तर औषध आपल्या लोकांना सोसतं का हे कळणार कसं? व्हायव्हॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं, लोक चौथ्या दिवशी सोडतात. टॅफेनोक्विन हे नवं औषध, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर, एकच डोस. पण ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी आहे त्याच्या तांबड्या पेशी यात फुटतात, आणि ही कमतरता आदिवासी भागांत आहे. एकदा गिळलेला डोस परत काढता येत नाही, तो आठवडे अंगात राहतो. भामरागड-एटापल्लीत ते कधी द्यायचं झालं तर आधी रक्ताची तपासणी तिथे, गावपातळीवर, मोजून झाली पाहिजे.

२०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समिती, संमती आपल्या भाषेत, इजा झाली तर भरपाई हे बंधनकारक आहे. देशात चालणारी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या नोंदवहीत २००९ पासून नोंदवावीच लागते आणि ती कुणालाही उघडून पाहता येते. गावात कुणी चाचणी म्हणून आलं तर आधी नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

वऱ्हाडी_ठेचा

चहा बी कायले?

आशा_कोरचीकडची

मी वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण गोळ्या वाटणारी मीच. तुमचं शोधाचं बरोबर असेल, माझं वेगळंच असतं. बाया गोळी गालात धरतात आणि मी वळले की थुंकतात. रोवणीच्या घाईत कोणी घरी नसतो. एक म्हातारा म्हणतो, माझा पाय वीस वर्षांपासून असा आहे, गोळीनं उतरला का? त्याला काय सांगू?

तालुका_डॉक्टर

ताई, त्याला खरं सांगा. या गोळीने सुजलेला पाय उतरत नाही, कुठल्याच गोळीने पूर्ण उतरत नाही. गोळी त्याच्या नातवासाठी आहे. मच्छर त्याच्या रक्तातून पिल्लं उचलून घरात दुसऱ्याला देतो. त्याच्या पायासाठी काम वेगळं. रोज साबण-पाण्याने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कपड्याने टिपायच्या, भेगेला मलम लावायचं, बसताना पाय वर ठेवायचा. ताप येऊन पाय लाल होतो ना मधूनमधून, ते हल्ले यानेच कमी होतात. टब-मग-साबणाचं किट प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. अंडवृद्धी असेल तर ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, लाजून बसलेले पुष्कळ आहेत.

आशा_कोरचीकडची

किट मागच्या वेळी संपलं म्हणाले. परत विचारते.

झाडीपट्टी

सगळ्यांचे आभार. हैदराबादच्या ताई, इमोडेप्साइडचं पुढे काय होतं ते इथेच लिहीत जा. मेडिकलवाले भाऊ, पन्नास रुपयांच्या मजुराचं तुम्ही लिहिलंत त्यावर कुणी उत्तर दिलं नाही हे माझ्या लक्षात आलं. माझ्याकडेही नाही. सरकारी दवाखान्यात पाच दिवसांचा पत्ता फुकट मिळतो, पण तिथे जायला त्याची मजुरी बुडते.

मेडिकलवाला

ओपीडी संध्याकाळी चालू ठेवा, माझा धंदा कमी झाला तरी चालेल.

तालुका_डॉक्टर

संध्याकाळची ओपीडी आहे. डॉक्टर एकच आहे.

संपादक_मंडळ

सिकलसेल आणि हायड्रॉक्सियुरियाबद्दलचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. जनुकीय उपचाराच्या किमतीवरून चाललेला वाद कृपया तिथे करावा. खैऱ्याच्या फवारणीचे प्रश्न शेती विभागात.